दोन दिवसांत गुण

ग्वाल्हेरला कातडीला मानवणारा महिना कोणता, असं कुणी विचारलं तर मला पटकन उत्तर देता येणार नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस काय ते बरे. एरवी मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर आणि सोबत लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा. जुलै-ऑगस्टात पाऊस बेताचा, पण चिकचिक सढळ हाताने. आणि जानेवारीत धुकं असं उतरतं, की सकाळी ४-५ अंशांत आंघोळीला निघालेल्याकडे घरचे लोक लढाईला निघाल्यासारखे बघतात. पुण्याची मामी एकदा जानेवारीत एक शाल घेऊन आमच्याकडे आली होती. दुसऱ्याच दिवशी बाबांनी तिला बाड्यावरच्या बाजारात नेऊन रजई घेऊन दिली.

हे एवढ्यासाठी सांगतेय, की त्वचेची काळजी शिकवणारे जे व्हिडिओ आम्ही पोरी रात्री बारा वाजता बघत बसतो, ते करणाऱ्यांनी लू खाल्लेली नसते. त्यांच्या खिडकीबाहेर समुद्र असतो, नाहीतर एसी तरी चालू असतो. ते सकाळच्या सात पायऱ्या सांगतात, रात्रीच्या दहा. मी जीवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, राहते शहरातल्या लष्कर भागात, दाणाओळीत. पाणी भरणं, डबा आणि नऊची ई-रिक्षा यांतून सकाळी चेहऱ्याच्या वाट्याला येतात दोन मिनिटं. रात्री जर्नल लिहून झाल्यावर तेवढीही येत नाहीत.

पण खरी अडचण वेळेची नाही, घाईची आहे. विद्यार्थ्याला सगळं परवापर्यंत हवं असतं. परवा सबमिशन, परवा व्हायवा, परवा मैत्रिणीच्या ताईचं लग्न. त्वचेचा हिशोब मात्र महिन्याचा. वरच्या थरातली पेशी तळाशी तयार होते, हळूहळू वर सरकते, चपटी होते, मरते आणि झडून जाते. या सगळ्याला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात. म्हणजे आज चेहऱ्यावर जे काही लावाल, त्याचं खरंखोटं कळायला निदान एक महिना जायला हवा, बऱ्याचदा दोन-तीन. एवढं थांबायला कुणी तयार नसतं, आणि आपण थांबायला तयार नाही हे मेडिकलवाल्याला आपल्याआधी कळलेलं असतं. त्याच्याकडे परत येऊच.

आधी लॅबमधली एक गंमत. सरांना यायला उशीर होता, पीएच मीटर (सात म्हणजे मध्यम, त्याखाली आंबट, त्यावर अल्कली) चार आणि सातच्या बफरला, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांना, जुळवून तयार होता, आणि आम्हा सगळ्यांच्या बॅगांत काही ना काही होतंच. कुणाच्या साबणाची वडी, कुणाचा फेसवॉश, कुणाच्या डब्यातली लिंबाची फोड. एकीने तर मेसमधून वाटीभर डाळीचं पीठ आणलं. इलेक्ट्रोड धुवायचा, टिश्यूने टिपायचा, बुडवायचा, आकडा स्थिर होईपर्यंत बघत राहायचं. अंगाचे साबण साडेनऊच्या पुढे गेले, एक स्वस्तातला दहाला टेकला. 'सोप-फ्री' लिहिलेली वडी साडेपाचच्या आसपास थांबली. पाण्यात कालवलेलं डाळीचं पीठ साडेसहाच्या जवळ. लिंबू अडीचच्याही खाली.

निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच पाचच्या आसपास असतो, म्हणजे किंचित आंबट. पीएचची मोजपट्टी अशी, की एक घर पुढे गेलं की दहा पटींचा फरक पडतो. पाचावरून साडेनऊवर जाणं म्हणजे तीस हजार पटींहून जास्त. साबणाने चेहरा धुतला की जो 'कुरकुरीत स्वच्छ' भास होतो, तो त्या आंबट थराचा आणि त्यातल्या चरबीचा निकाल लागल्याचा भास असतो. तो थर परत जमायला काही तास लागतात, आणि आपण तेवढ्यात घाम आला म्हणून पुन्हा साबण लावतो. त्या दिवसापासून मी सकाळी चेहऱ्याला फक्त पाणी लावते आणि सौम्य फेसवॉश संध्याकाळी एकदाच. वेळही वाचला, पैसेही. आजीला हे अजून पटलेलं नाही. तिच्या मते साबणाशिवाय धुतलेलं तोंड म्हणजे पारोसं तोंड.

आजीचं डाळीचं पीठ त्या परीक्षेत चांगल्या मार्कांनी पास झालं हे मात्र कबूल करायला हवं. तेल शोषून घेतं, साबणासारखं जाळत नाही. फक्त ते मुरुमांवर खसाखसा घासायचं नाही. लिंबाचं तसं नाही. साय-लिंबू, मध-लिंबू, लिंबू-साखर असल्या लेपांनी आमची पिढी अजून डाग घालवायला निघते. लिंबाच्या रसात, त्यातही सालीत, फ्युरोकुमारिन नावाची संयुगं असतात. ती कातडीवर असताना वर ऊन पडलं, की भाजल्यासारखा फोड येतो आणि मागे महिनोन्महिने टिकणारा तपकिरी डाग ठेवून जातो. मे महिन्यात शिकंजी पिळताना ओघळ मनगटावर आला आणि तसंच उन्हात गेलं तरी हे होतं. डाग घालवायला निघालेलीने स्वतःच्या हाताने डाग काढून घ्यायचा, हा प्रकार मी वर्गातच पाहिलाय. कानापासून हनुवटीपर्यंत, जिथून रस ओघळला होता अगदी त्या रेषेत.

उन्हाळ्यात आमच्या शहरात कोण कुणाची मुलगी हे स्कूटरवर ओळखता येत नाही. डोळे सोडून सगळा चेहरा स्टोलमध्ये, वर गॉगल, हातात कोपरापर्यंतचे मोजे. चंबळ जवळच असल्याने बाहेरगावचे पाहुणे डाकूंवरून जो विनोद करायचा तो दरवर्षी करतात, आपण दरवर्षी हसायचं. स्टोल लूसाठी उत्तमच. पण पातळ पांढरं सुती कापड अतिनील किरणांना फार अडवत नाही. साध्या पांढऱ्या टी-शर्टचा संरक्षक आकडा ५ ते ७ च्या घरात असतो, आणि घामाने भिजलं की आणखी कमी. गडद रंगाचं, दाट विणीचं कापड बरंच चांगलं. म्हणून मी आईची जुनी गडद निळी ओढणी वापरते, आणि खाली सनस्क्रीन.

सनस्क्रीनचा हिशोब जरा निर्दय आहे. एसपीएफ ३० अतिनील 'ब' किरणांतले सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८. म्हणजे ५० साठी जास्तीचे पैसे मोजायचे ते त्या एका टक्क्यासाठी. पण हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढं जाड थापून काढलेले असतात. चेहऱ्याला आणि गळ्याला मिळून ते साधारण दोन बोटांवर ओढलेल्या रेघांएवढं होतं. आम्ही लावतो वाटाण्याएवढं, आणि मग 'हिने काही होत नाही' म्हणतो. नीट लावलं, दुपारी बाहेर पडायच्या आधी पुन्हा लावलं, तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. विद्यार्थ्याच्या खिशाला हे झेपणारं नाही. म्हणून माझी वाटणी अशी: लॅबमध्ये बसायचं असेल त्या दिवशी सकाळी एकदाच, उन्हात हिंडायचं असेल तेव्हा दुपारी पुन्हा, आणि बाकी काम ओढणी, छत्री आणि कडुनिंबाच्या सावलीवर सोडायचं. महागड्या सीरमचे पैसे वाचवून ते सनस्क्रीनला लावा, एवढं एक मी कुणालाही बिनदिक्कत सांगते. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगात सुरकुत्यांच्या आधी डागच दिसतात, आणि मुरूम बरं झाल्यावर राहणारा काळा ठिपका ऊन जितकं लागेल तितका हट्टाने टिकतो.

मुरुमांवर बोलायचं तर घरोघरी न्यायालय भरतं. आरोपी ठरलेले: बेडई, कचोरी, चॉकलेट, रात्रीचं जागरण, आणि 'तो मोबाईल'. काल रात्री मेसमध्ये समोसा खाल्ला म्हणून आज पुळी आली, असं आपण म्हणतो. ती पुळी छिद्राच्या आत कित्येक आठवड्यांपूर्वीच सुरू झालेली असते. तेलग्रंथीचं तेल, न झडलेल्या पेशी, त्यात वाढणारे जीवाणू आणि मग दाह, असा तो सावकाश चाललेला कारभार. समोसा त्या गुन्ह्याच्या वेळी गावातच नव्हता.

म्हणून खाण्याचा काहीच संबंध नाही असंही नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. चॉकलेटने मुरूम वाढत नाहीत असा निष्कर्ष निघाला, आणि पुढे कित्येक वर्षं डॉक्टर तोच सांगत राहिले. त्या प्रयोगाला मदत चॉकलेट बनवणाऱ्यांच्या संघटनेची होती. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर १२ आठवडे प्रयोग केला, तेव्हा रक्तातली साखर झपकन वाढवणारं खाणं कमी केलेल्यांचे मुरूम जास्त कमी झाले. मैदा, साखर, कोल्ड्रिंक, म्हणजे हॉस्टेलच्या परीक्षाकाळातला सगळा आहार. आणि परीक्षेचंच म्हणाल तर स्टॅनफर्डमध्ये २००३ साली २२ विद्यार्थ्यांचे चेहरे परीक्षेच्या दिवसांत आणि एरवी तपासले होते. ताण जितका वाढला तितके मुरूम बळावले. बावीस म्हणजे काही फार नव्हेत, पण आमच्या सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यातले चेहरे पाहिले तर मला त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही.

यावर जे औषध खरोखर चालतं, त्यातलं एक म्हणजे अडापलीन. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, सगळीकडे पसरून. नुसतं पुळीवर टिकली लावल्यासारखं नाही. हे डॉक्टरला विचारूनच लावायचं, गरोदरपणात तर लावायचंच नाही. त्याचा स्वभाव असा, की पहिले दोन-तीन आठवडे चेहरा सोलतो, लाल होतो, कधीकधी मुरूम उलट वाढतात. गुण दिसायला लागतो आठव्या आठवड्यानंतर, नीटसा बाराव्याला. आमच्यापैकी बहुतेकींनी ते तिसऱ्या आठवड्यात फेकलेलं आहे, म्हणजे नेमकं काम सुरू होण्याच्या बेताला. दुसरं बेंझॉइल पेरॉक्साइड. ते मुरुमांचे जीवाणू मारतं आणि त्याच तडाख्यात टॉवेलचा रंगही उडवतं. आमच्या घरी माझ्या निळ्या टॉवेलवर आणि उशीच्या अभ्र्यावर नारिंगी धब्बे आहेत. आईला किती दिवस वाटत होतं मी हळद लावून झोपते.

कपाळावर बारीक पुरळ मात्र बऱ्याचदा तेलाचं असतं, केसांना चोपडून रात्रभर ठेवलेल्या खोबरेलाचं. हे घरात सांगणं म्हणजे धर्मद्रोह. मी तोडगा काढला: धुवायच्या आधी तासभर तेल, तेही केसांच्या लांबीला.

खोबरेलावरून आठवलं. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाटली पांढरी घट्ट. आजी माहेरची रत्नागिरीकडची; इतकी वर्षं इथे काढून तिने सरसोंचं तेल अंगाला लावलं नाही. शेजारच्या गच्चीवर सगळं कुटुंब उन्हात बसून सरसों चोळत असतं आणि आमची आजी कठड्यावर बाटली उन्हाला लावून ती वितळायची वाट बघत असते. यात आजीच्या बाजूने बोलायला पुरावा आहे. मोहरीच्या तेलाला जो झणका असतो तो कातडीलाही झोंबतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या त्वचेवर मोहरीचं तेल लावल्यावर तिचा संरक्षक थर भरून यायला उशीर लागला, सूर्यफुलाच्या तेलाने मात्र तो लवकर भरला. खोबरेल हातापायांना उत्तम. चेहऱ्यावर मुरूम असतील तर नको.

थंडीत अंग उलतं त्याला जबाबदार निम्मी हवा असते आणि निम्मा बादलीतला रॉड. वाफाळतं पाणी, पंधरा मिनिटं, वर साबण. मग दिवसभर पोटऱ्यांवर नखाने पांढऱ्या रेघा. पाणी कोमट, आंघोळ आटोपशीर, आणि अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत तेल किंवा साधं पेट्रोलियम जेली. बस. त्या जेलीचं पेटंट १८७२ चं आहे, आणि पाणी आत अडवून ठेवण्यात त्याला अजून कुणी मागे टाकलेलं नाही. मेळ्यात उभं राहून जानेवारीच्या थंडीत सॉफ्टी खायची आणि मग जिभेने ओठ चाटत बसायचं, ही आमची जुनी खोड; चाटल्याने ओठ आणखी उलतात, कारण थुंकी वाळताना ओठातलंही पाणी घेऊन जाते. भरपूर पाणी प्या म्हणजे त्वचा ओली राहील, हा सल्ला मी ऐकून सोडून देते. पाणी तहानेपुरतं प्यावं. टाचेची भेग त्याने भरत नाही.

आता मेडिकलवाल्याकडे.

माझा मावसभाऊ झाशीचा, इथे इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. एका खोलीत तिघं. पलंगाच्या लोखंडी दांडीवर तीन टॉवेल एकमेकांना चिकटून, जीन्स आठवडाभर तीच, पावसाळ्यात अंडरवेअर पंख्याखाली अर्धवट वाळलेली, तीच घालून वर्गात. जुलैत त्याला जांघेत नायटा झाला. नायटा म्हटलं की लोक हसतात, म्हणून तो कुणाला सांगत नाही, आईला तर नाहीच. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन, आजूबाजूला कुणी बाई नाही ना बघून, हळूच म्हणतो, "भैया, खुजली की कोई ट्यूब देना." भैया काहीही न विचारता एक ट्यूब देतो. "दो दिन में आराम."

आणि दोन दिवसांत आराम पडतो, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. त्या ट्यूबमध्ये बुरशी मारायचं औषध असतं, जीवाणूंचं असतं आणि सोबत क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड असतं, त्वचेच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यात जहाल. स्टिरॉइड खाज आणि लाली ताबडतोब दाबतं, कारण ते शरीराचा प्रतिकारच दाबतं. बुरशीला मोकळं रान मिळतं. वरून लाल कडा फिकी पडते, आत पसरणं चालू राहतं. पोराला वाटतं बरं झालं, तो ट्यूब थांबवतो. आठवड्याने दुप्पट खाज. तो पुन्हा लावतो. असं करत करत गणपतीपर्यंत नायटा जांघेतून पोटावर, तिथून काखेत, आणि रूममेटच्याही कमरेवर. आता तो गोल चकतीसारखाही राहिलेला नव्हता. कडा कुठे, मध्य कुठे, काही कळेना. डॉक्टर लोक याला वेष बदललेला नायटा म्हणतात. आणि जांघेच्या नाजूक कातडीवर पांढऱ्या-गुलाबी ताणाच्या रेघा उमटल्या होत्या, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा. नायटा जाईल, त्या रेघा जात नाहीत.

हे काही एका हॉस्टेलचं दुखणं नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर नायट्याची जी लाट आली, तिच्यात अशा मिश्र मलमांचा हात आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. भारत-नेपाळकडच्या रुग्णांत सापडलेल्या बुरशीच्या एका हट्टी प्रकाराला २०२० मध्ये वेगळं नाव दिलं गेलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला तो बऱ्याचदा दाद देत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडयुक्त मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकायला मनाई केली. चिठ्ठी मागणारा दुकानदार तुम्ही किती पाहिलेत, ते तुमचं तुम्ही आठवा.

मावसभावाचं पुढे जे झालं ते कंटाळवाणं आहे, आणि खरा उपचार तसाच कंटाळवाणा असतो. पोटातून औषध कित्येक आठवडे, डाग दिसेनासे झाल्यावरही आणखी काही आठवडे साधं मलम, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जागा धरून. खोलीतल्या तिघांचाही उपचार एकाच वेळी. टॉवेल ज्याचा त्याचा. कपडे गरम पाण्यात, उलटे करून कडक उन्हात, अंडरवेअरला इस्त्री. इस्त्रीवरून खोलीत झालेली भांडणं मला फोनवर ऐकायला मिळायची. मावशीला कळलं तेव्हा तिने आधी रागावून घेतलं आणि मग डझनभर सुती चड्ड्या पार्सल केल्या.

मुलांचा नायटा, तसं मुलींचं 'ग्लो क्रीम'. आमच्याकडे संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला गेलं की तिळगुळाच्या आधी वाक्य येतं, "अगो, किती काळवंडलीस! उन्हात फिरतेस का?" फिरते ना, कॉलेज काय तळघरात भरतं? पण वीस वर्षांच्या पोरीला हे वाक्य रात्री झोपू देत नाही. मग पार्लरवाल्या दीदीने, नाहीतर मैत्रिणीच्या वहिनीने सांगितलेली ट्यूब येते. त्यात बऱ्याचदा एक त्रिकूट असतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. हे त्रिकूट १९७५ मध्ये क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने मांडलं, वांगासारख्या डागांसाठी, थोड्या काळापुरतं, देखरेखीखाली. आमच्याकडे ते रोज रात्री चेहराभर, वर्षभर, नाइट क्रीम म्हणून लावलं जातं.

पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच उजळतो, मऊ होतो, मुरूम गायब होतात. काकू विचारतात, "काय लावतेस गं?" काही महिन्यांनी गाल लाल राहायला लागतात, उन्हात जळजळ, बारीक रक्तवाहिन्या दिसतात, हनुवटीवर केस, आणि पुरळ असं की आधीचे मुरूम परवडले. बंद केलं तर दोन दिवसांत चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावायचं. भारतीय डॉक्टरांनी या चेहऱ्याला स्वतंत्र नावच दिलंय, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस'. यातून बाहेर काढायचं काम डॉक्टरच करू शकतो, बेताबेताने. आपल्या मनाने एकदम थांबवणंही बरं नाही. माझ्या एका वर्गमैत्रिणीने पूर्ण सेमिस्टर मास्क लावून काढलं. कोविड संपून गेला होता, सगळे विचारायचे, ती सर्दी आहे म्हणायची.

मला चीड येते ती ट्यूबची नाही. गोरेपणाची हौस घरातली आणि चेहरा सोलवटून घ्यायचा पोरीने, याची येते. त्या काकूंना सनस्क्रीनचे पाचशे रुपये जास्त वाटतात.

तर, कधी दाखवायचं? नायटा दिसला की, गाठीसारखे दुखरे मुरूम आले की, खाज खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम सुटली आणि रात्री वाढली की. शेवटचं असेल तर ती खरूज असू शकते, तिथेही सगळ्यांनी एकाच दिवशी गळ्यापासून पायापर्यंत औषध लावायचं असतं. सरकारी इस्पितळात स्किनच्या ओपीडीला गर्दी असते, सकाळी लवकर जावं. नायट्याची तपासणी सोपी आहे. बोथट पात्याने कोंडा खरवडतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, अल्कलीत कातडी विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे तेवढे उरतात. भावासोबत गेले होते तेव्हा मी वाकून वाकून बघत होते. तो म्हणाला, "ताई, हे तुझं प्रॅक्टिकल नाहीये."

आणि जाताना, आजवर जे जे लावलंय त्याच्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या, पिळलेल्या, कशाही. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. आमच्या पुढच्या नंबरचा मुलगा सांगत होता, "सर, सफेद ट्यूब थी, नीला ढक्कन." डॉक्टरांनी खण उघडला. आत पंधरा-वीस ट्यूबा होत्या, पांढऱ्या, निळ्या झाकणाच्या. "इनमें से कौन सी?"